वासाचा तांदूळ : एक सुगंध, अनेक कुळे

सांगली जिल्ह्याचा नकाशा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाचत गेल्यास एकाच जिल्ह्यात दोन वेगवेगळ्या शेतीव्यवस्था नांदत असल्याचे दिसते. वारणेच्या खोऱ्यातील चांदोलीच्या डोंगरात दोन-अडीच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, तर जतकडे तोच जेमतेम पाचशेच्या आसपास उरतो. त्यामुळे भाताचे खाचर शिराळा तालुक्यात दिसते, आणि पुढे ऊस, हळद, द्राक्ष व अखेरीस ज्वारी-बाजरी यांचे राज्य सुरू होते. सांगलीला लागून असलेले, व्यापारपेठ आणि कापडगिरणीमुळे ओळखले गेलेले माधवनगर या दुसऱ्या प्रदेशात मोडते. येथील ताटात भात रोज असला तरी शिवारात तो नाही. तो शिराळ्याहून, साताऱ्यातील पाटण-जावळीकडून, कोल्हापुरातील आजरा-राधानगरीकडून आणि अलीकडे फार मोठ्या प्रमाणात परप्रांतातून येतो. पिकवणारा एकीकडे आणि खाणारा दुसरीकडे असतो तेव्हा तांदळाची ओळख पोत्यावरच्या नावापुरती आणि शिजताना सुटणाऱ्या वासापुरती उरते. या दोन्ही खुणा उपयुक्त आहेत. परंतु वाणांच्या वंशवैविध्याविषयी त्या फारच थोडे सांगतात, आणि पुष्कळदा दिशाभूलच करतात, हे या व्याख्यानाचे प्रतिपाद्य आहे.

वंशवैविध्य, म्हणजे जनुकीय विविधता, ही संज्ञा प्रथम स्पष्ट केली पाहिजे. भाताच्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या बारा जोड्या असतात आणि त्यांच्या एका संचात डीएनएची सुमारे चाळीस कोटी रासायनिक अक्षरे एका ठरावीक क्रमाने मांडलेली असतात. दोन वाणांत हा क्रम जितक्या जागी भिन्न तितके ते वाण एकमेकांपासून दूर, असे ढोबळमानाने म्हणता येते. हे अंतर मोजण्यासाठी दीर्घकाळ ‘सूक्ष्म-उपग्रह’ नावाच्या खुणा वापरल्या गेल्या. डीएनएमध्ये दोन-तीन अक्षरांचा एखादा तुकडा लागोपाठ अनेकदा आलेला असतो. तो एका वाणात दहा वेळा तर दुसऱ्यात चौदा वेळा असतो, आणि अशा अनेक जागांची तुलना केली की नात्यांचा आराखडा तयार होतो. आता संपूर्ण अक्षरमालाच वाचता येते. भाताची संदर्भ म्हणून वापरली जाणारी अक्षरमाला २००५ साली पूर्ण झाली, त्या आंतरराष्ट्रीय कामात भारतीय प्रयोगशाळांनी अकराव्या गुणसूत्राच्या एका भागाचा वाटा उचलला होता; आणि २०१८ पर्यंत जगभरातील तीन हजारांहून अधिक वाणांच्या अक्षरमालांचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध झाला.

तांदळाच्या वासात शेकडो बाष्पशील द्रव्यांचा, म्हणजे सहज हवेत उडून जाणाऱ्या द्रव्यांचा, सहभाग असतो. तथापि ज्याला ‘वासाचा तांदूळ’ म्हणतात त्याचा मुख्य सुगंध एका द्रव्यावर उभा आहे. रॉन बटरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकाच्या आरंभी ते ओळखले. २-असेटिल-१-पायरोलिन असे त्याचे लांबलचक नाव असून पाण्यात दहा अब्ज भागांत एक भाग इतके अल्प असले तरी माणसाच्या नाकाला ते जाणवते. हेच द्रव्य भाजलेल्या पावाच्या कवचात, मक्याच्या लाह्यांत आणि केवड्याच्या कुळातील एका सुवासिक पानातही असते, म्हणून साध्या तांदळात ते पान टाकून शिजवले की भाताला उंची तांदळाचा वास येतो. पुणे विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात या पानाचा आणि महाराष्ट्रातील बासमतीतर सुवासिक वाणांचा बराच अभ्यास झाला आहे. या द्रव्याची आणखी एक गंमत शिराळा-पाटणच्या लोकांना विशेष जवळची वाटावी. वाघ आपल्या हद्दीच्या खुणा करताना जो स्राव फवारतो त्यातही तेच असल्याचे रतनलाल ब्रह्मचारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली ‘नेचर’ या नियतकालिकात नोंदवले. सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, म्हणजे कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान, यांच्या पायथ्याशीच या दोन तालुक्यांतील भाताची खाचरे आहेत.

हे द्रव्य काही वाणांतच का साठते, याचे उत्तर २००५ साली मिळाले. आठव्या गुणसूत्रावर एक जनुक आहे. त्याच्या आज्ञेने बनणारे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, वनस्पतीतील एका मधल्या द्रव्याचे रूपांतर दुसऱ्या उपयुक्त द्रव्यात करते. विकर धडधाकट असेल तर मधले द्रव्य साचत नाही आणि भात बिनवासाचा निघतो. सुवासिक वाणांत मात्र त्या जनुकातील आठ अक्षरे गळून पडलेली आढळतात. जनुकातील संदेश तीन-तीन अक्षरांच्या गटांनी वाचला जातो, आणि आठ ही संख्या तिनाने भागली जात नसल्याने त्या ठिकाणापासून पुढचे सगळे गट सरकतात, लवकरच ‘थांबा’ असा अर्थ असलेला गट येतो आणि प्रथिन अर्धवट राहते. मधले द्रव्य मग साचू लागते आणि त्यातून सुगंधी द्रव्य तयार होते. म्हणजे ज्या गुणासाठी ग्राहक चढा भाव मोजतो तो गुण वनस्पतीच्या दृष्टीने एक बिघाड आहे. क्षारांचा ताण सोसण्यात सुवासिक वाण काहीसे कमी पडतात असे प्रयोगांत दिसून आले आहे, ते या बिघाडाशी जुळते. निसर्गाच्या हाती सोडले असते तर असे रोप टिकून राहण्याची शक्यता कमीच होती. ते टिकले, कारण कोणीतरी त्याच्या ओंब्या मुद्दाम वेगळ्या काढून पुढच्या वर्षी पेरल्या.

हा गुण अप्रभावी आहे. अप्रभावी म्हणजे आई आणि बाप या दोन्ही बाजूंनी बिघडलेलेच जनुक आले तरच सुगंध निर्माण होतो; एका बाजूने धडधाकट जनुक आले की सुगंध लोपतो. भात हे स्वपरागित पीक असल्याने, म्हणजे प्रत्येक फुलात त्याच फुलाचे परागकण पडून दाणा धरत असल्याने, परकी सरमिसळ शेकडा एकाच्या आतबाहेर राहते, आणि म्हणूनच शेजारच्या खाचरात बिनवासाचे भात असूनही घरोघरचे वाण पिढ्यान्‌पिढ्या तगून राहिले. तरीही एखाद्या दाण्यात संकर होतोच. त्या दाण्यापासून उगवलेल्या रोपावरच्या दाण्यांत साधारण चारांत एकच सुवासिक निघतो आणि उरलेले तीन बिनवासाचे असतात. बियाणे काही वर्षे न निवडता वापरले तर अशा दाण्यांचे प्रमाण वाढत जाते. ‘पूर्वीसारखा वास राहिला नाही’ या तक्रारीमागे हवामान, खते आणि जमीन यांच्याबरोबर हेही एक साधे कारण असते. संशोधक सुगंधाची तपासणी अगदी सोप्या रीतीने करतात. सूद आणि सिद्दीक यांनी १९७८ साली सुचवलेल्या पद्धतीत पानाचे बारीक तुकडे १.७ टक्के तीव्रतेच्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात झाकून ठेवतात आणि सुमारे दहा मिनिटांनी झाकण काढून वास घेतात. दुसऱ्या पद्धतीत एकेक दाणा चावून पाहतात. आधुनिक उपकरणे आली तरी नाक आणि जीभ यांची जागा पुरती गेलेली नाही.

या बिघाडाविषयी सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. बासमती, थायलंडचा जास्मिन आणि इतर कित्येक सुवासिक वाण यांत तोच, त्याच ठिकाणचा, आठ अक्षरांचा लोप आढळतो. तो वेगवेगळ्या जागी पुनःपुन्हा घडला असण्यापेक्षा एकदाच कोठेतरी घडून माणसाच्या निवडीमुळे आणि संकरांमुळे निरनिराळ्या कुळांत पसरला असावा, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. त्याशिवायचे इतर लोपही काही वाणांत सापडले आहेत, आणि हे जनुक बिघडलेले नसतानाही वास येणारी थोडी उदाहरणे आहेत; पण ते अपवाद. यावरून असे ठरते की दोन तांदळांना सारखा वास येतो एवढ्यावरून ते एका वंशाचे मानता येत नाहीत. सुगंध हा पुष्कळ घराण्यांनी वेगवेगळ्या काळी उचललेला एकच दागिना आहे.

घराणी किती, याचा शोध १९८७ साली ग्लाझमान यांनी आशियातील भातांच्या वर्गीकरणातून घेतला आणि बासमतीचा गट हा इंडिका व जपोनिका या दोन प्रसिद्ध गटांपासून वेगळा असल्याचे दाखवले. २००५च्या सुमारास सूक्ष्म-उपग्रह खुणांनी पाच गट निश्चित झाले, त्यांत ‘सुवासिक’ हा स्वतंत्र गट होता. आणि पुढे संपूर्ण अक्षरमालांच्या अभ्यासातून हा गट जपोनिका आणि पूर्व भारतातील ‘औस’ या भातांच्या प्राचीन मिश्रणातून उभा राहिल्याचे दिसू लागले. गटाचे ‘सुवासिक’ हे नाव मात्र काहीसे फसवे म्हणावे लागते. त्या गटात बिनवासाचे वाण आहेत, आणि उलट भारतातील आखूड दाण्याचे सुवासिक वाण एका गटात मावत नाहीत. काही बासमतीच्या जवळ जातात, तर काही इंडिका कुळात बसतात. महाराष्ट्रातील आंबेमोहर, घनसाळ, जिरगा, रायभोग, कमोद, विदर्भातील चिन्नोर, अकोले तालुक्यातील काळभात हे सगळे ‘वासाचे’ या एका शब्दाखाली येत असले तरी त्यांना एका पंक्तीला बसवणे हे स्वयंपाकघराचे वर्गीकरण आहे, वनस्पतिशास्त्राचे नव्हे.

वैविध्य मग कोठे शोधायचे? ते बाकीच्या अक्षरांत, म्हणजे रोपाच्या उंचीत, साळीच्या रंगात, दाण्याच्या आकारात, भाताच्या चिकटपणात आणि विशेषतः निसवण्याच्या, म्हणजे ओंबी बाहेर पडण्याच्या, वेळेत. भात चिकट होतो की मोकळा, हे स्टार्चच्या एका घटकाच्या, अमायलोजच्या, प्रमाणावर ठरते आणि त्याचे मुख्य जनुक सहाव्या गुणसूत्रावर आहे. सुगंधाच्या जनुकाशी त्याचा संबंध नाही, म्हणून एक सुवासिक भात शीत-शीत मोकळा होतो आणि दुसरा मऊ गोळा होतो. निसवण्याची गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. पुष्कळ जुने वाण दिवसाच्या लांबीला प्रतिसाद देतात. दिवस लहान होऊ लागले की ते पोटरीत येतात, मग पेरणी आठवडा-दोन आठवडे मागेपुढे झालेली असो. त्यामुळे परतीचा पाऊस सरता सरता, रात्री थंडावत असताना दाणा भरतो, आणि दाणा भरताना हवा थंड असली की सुगंधी द्रव्य अधिक साठते. एखाद्या वाणाचे घड्याळ एखाद्या खोऱ्याच्या पावसाशी जुळलेले असते असा याचा अर्थ होतो, आणि ते वाण दुसरीकडे नेल्यावर वास उतरतो त्याचे एक कारण येथेच आहे.

आजऱ्याचा घनसाळ हे याचे जवळचे उदाहरण होय. आखूड, भरीव दाण्याचा, तयार व्हायला सुमारे पाच महिने घेणारा हा उंच वाण हिरण्यकेशीच्या परिसरातील जास्त पावसाच्या, तांबड्या मातीच्या खाचरांत होतो. उंच असल्यामुळे ओंबी भरली की तो लोळतो, रासायनिक नत्र जास्त झाले की अधिकच लोळतो, आणि सुधारित वाणांच्या तुलनेत उतारा कितीतरी कमी देतो. २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच वर्षी आंबेमोहरालाही मिळाले, आणि २०२३ साली भंडाऱ्याच्या चिन्नोरला. भौगोलिक मानांकन म्हणजे ठरावीक प्रदेशात पिकलेल्या मालालाच ते नाव लावता यावे अशी १९९९च्या कायद्याने केलेली तरतूद. बाजाराच्या दृष्टीने ही तरतूद मोलाची आहे, कारण आंबेमोहराच्या नावाखाली दुसऱ्या राज्यांतला आखूड दाण्याचा सुवासिक तांदूळ विकला जातो हे कोणत्याही पेठेत उघड गुपित आहे. परंतु मानांकन नावाचे रक्षण करते. त्या नावाखाली शेतात जे काही वाढत असते त्याच्या आतल्या वैविध्याचे रक्षण करणे हे त्याचे कामच नाही.

आतले वैविध्य ही बाब सहसा नजरेआड राहते. शेतकऱ्याचा पारंपरिक वाण प्रयोगशाळेतल्या वाणासारखा एकजिनसी नसतो. एका खाचरात एकमेकांशी निकटचे नाते असलेल्या अनेक वंशरेषा एकत्र वाढत असतात, त्यांतल्या काही चार दिवस आधी निसवतात, काही उशिरा, काहींची साळ किंचित गडद, काहींना कुसळ. पाऊस लवकर ओढला तर एका रेषेचे फावते, लांबला तर दुसरीचे, आणि एकूण खाचर हाती काहीतरी देऊन जाते. कृषी खात्याने आणि पुढे कृषी विद्यापीठांनी निवड पद्धतीने, म्हणजे अशा मिश्रणातून उत्तम रोपे वेचून त्यांची संतती वेगळी वाढवून, आंबेमोहर-१५७ यांसारखे शुद्ध वाण काढले. ते काम निश्चितच दर्जेदार होते. मात्र अशा प्रत्येक निवडीत शेकडो रेषांतून एक पुढे जाते आणि बाकीच्या, कोणी सांभाळल्या नाहीत तर, संपतात.

पुढचे पाऊल संकराचे होते. फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९६६ साली आयआर-८ हा बुटका, खताला प्रतिसाद देणारा वाण दिला. आंबेमोहर-१५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून वडगाव मावळच्या केंद्रात इंद्रायणी तयार झाली आणि १९८७ साली प्रसारित झाली. न लोळणारी, भरपूर पिकणारी आणि तरीही वास राखणारी इंद्रायणी मावळात, मुळशीत आणि पुढे पाटण-शिराळ्यापर्यंत पसरली, यात नवल नाही. राधानगरीच्या केंद्रातून आलेल्या सुवासिक भोगावतीनेही कोल्हापूर-सांगलीकडे आपली जागा केली. आजच्या भात उत्पादकाच्या घरात चार पैसे आले ते या वाणांमुळे, आणि जुन्या वाणांच्या आठवणीने गहिवरणाऱ्या शहरी लेखनात याचा विसर पडतो हे बरे नव्हे. तरीही हिशेब मांडायचा तर असा मांडावा लागतो : इंद्रायणीत आंबेमोहराचा सुगंध आला, पण तिच्या वंशातील बाकीचा मोठा हिस्सा परका आहे, आणि जो आंबेमोहराचा आहे तोही एकाच निवडक रेषेचा. एकाच वाणाने हजारो खाचरे व्यापली की नाकाला काहीच उणे वाटत नाही. उणे झालेले असते ते करपा रोगाची नवी जात आली, किंवा सप्टेंबरातच पावसाने दडी मारली, तर उपयोगी पडू शकणारे आठ-दहा पर्याय.

सातारा-सांगलीच्या पश्चिम भागात या क्षयाला आणखी एक कारण जोडले गेले, ते म्हणजे धरणे. कोयनेच्या आणि पुढे वारणेवरील चांदोलीच्या जलाशयाखाली नदीकाठच्या भातजमिनी गेल्या. चांदोलीत अभयारण्यासाठीही गावे उठली. या गावांतील पुष्कळ कुटुंबांचे पुनर्वसन खाली, सपाटीच्या काळ्या जमिनीवर, कालव्याच्या लाभक्षेत्रात झाले. विस्थापितांच्या हलाखीविषयी बरेच लिहिले गेले आहे. बियाण्यांविषयी फार थोडे. पाच महिन्यांचा, डोंगरी पावसावर पोसलेला, दिवसाच्या लांबीवर चालणारा वाण ऊसपट्ट्यातील काळ्या मातीत नेऊन तीन वर्षे टिकवणे शक्य नव्हते, आणि भाताचे बियाणे घरच्या कणगीत वर्ष-दोन वर्षांपलीकडे उगवणक्षमता राखत नाही. एक हंगाम पेरा चुकला, दुसरा चुकला, की वाण गेला. त्याची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही.

शिराळ्यात अद्याप शिल्लक असलेली एक पद्धत या संदर्भात मुद्दाम पाहण्यासारखी आहे. तेथे मे महिन्याच्या उत्तरार्धात, वळवाच्या पावसानंतर तयार केलेल्या कोरड्या जमिनीत कुरीने भात पेरतात; या पेरणीला धूळवाफ पेरणी म्हणतात. तरवा टाकून चिखलणी केलेल्या खाचरात रोपे लावण्याची पद्धत सर्वत्र रूढ असताना, धुळीत पडलेल्या दाण्याने पहिल्या पावसाची वाट पाहणे, उगवताच तणाशी झुंजणे आणि सुरुवातीची उघडीप सोसणे हे गुण येथे आपोआप निवडले जातात. लावणीला मजूर मिळेनासे झाल्याने देशभर थेट पेरणीच्या भातासाठी नेमके हेच गुण शोधले जात आहेत. ते सुवासिक वाणांच्या जुन्या रेषांत कितपत आहेत, याची पाहणी सर्वप्रथम शिराळ्यातच व्हायला हवी.

जतनाचे दोन मार्ग आहेत. बियाणे वाळवून उणे अठरा अंशांच्या थंडीत ठेवणाऱ्या जनुकपेढ्या, जसे दिल्लीचे राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन केंद्र, वाणाला दशकानुदशके जिवंत ठेवतात. पण त्या कुलपात त्याची उत्क्रांती थांबते. दुसरा मार्ग शेतातल्या जतनाचा. अकोले तालुक्यात बायफ संस्थेच्या साहाय्याने उभ्या राहिलेल्या गावपातळीवरील बियाणे बँकांनी आणि पद्मश्रीप्राप्त राहीबाई पोपेरे यांच्या कामाने तो लोकांपर्यंत नेला, आणि २०२२ साली महाराष्ट्र शासनाने राज्याच्या जनुककोष प्रकल्पाला मान्यता दिली. कायद्याची चौकटही आहे. २००१च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याखाली शेतकऱ्याला स्वतःचा वाण नोंदवता येतो, आणि अशा वाणात वेगळी दिसणारी रोपे इतर वाणांना मान्य असलेल्या संख्येच्या दुपटीपर्यंत चालतात. ही सवलत योग्य दिशेची असली तरी अपुरी आहे. ज्या मिश्रपणामुळे पारंपरिक वाण मोलाचा ठरतो तो मिश्रपणा कायद्याने केवळ खपवून घेतलेला आहे, त्याचे मोल मान्य केलेले नाही. आणि नोंदणीच्या तयारीत शेतकऱ्याला ‘भेसळ काढा’ असाच सल्ला मिळतो.

म्हणून शिराळा आणि पाटण या दोन तालुक्यांतील पाहणीची रीतही वेगळी ठरवावी लागेल. बियाणे कणगीबाहेर निघते ते धूळवाफेच्या आधी, मे महिन्यात. गावोगावचे नमुने त्याच वेळी घ्यावेत, आणि ते एखाद्या देखण्या ओंबीचे नव्हे तर एका खाचरातील पन्नास-शंभर रोपांचे असावेत, कारण एका ओंबीतून येते ती एकच रेषा. नमुन्याबरोबर गाव, खाचराची जागा, पेरणीची रीत आणि घरात हे बियाणे कोठून आले याची नोंद हवी. दुसरी फेरी सप्टेंबर-ऑक्टोबरात, निसवणीच्या वेळी, जेव्हा रेषांमधला चार-आठ दिवसांचा फरक उभ्या पिकात डोळ्यांनी दिसतो. तिसरी मळणीनंतर, नव्या साळीचा तांदूळ करून, दाणा चावून पाहण्याची. विद्यापीठांतील डीएनए तपासणी त्यानंतरची. तिला लागणारी सामग्री या तीन फेऱ्यांतूनच मिळेल, आणि त्या करण्यासाठी महाविद्यालयीन विद्यार्थी, एक वही आणि बियाणे राखून असलेल्या वृद्ध स्त्री-पुरुषांचे सहकार्य पुरेसे आहे. नमुन्यांचा एक भाग जनुकपेढीत आणि एक भाग त्याच गावात दुसऱ्या घरी राहावा. ज्या घरांनी पाच-दहा गुंठे जुन्या वाणाखाली ठेवले आहेत त्यांना उताऱ्यातील तूट भरून देण्याची जबाबदारी मात्र पिकवणाऱ्यांच्या गळ्यात घालता येणार नाही; ती माधवनगरसारख्या खाणाऱ्यांच्या पेठांनी, त्या भाताला वासापलीकडचा भाव देऊन, उचलायची आहे.